पाळणाघरातली मोकळी जमीन

मुलासाठी पाळणाघर शोधायला निघालेले आईवडील काय काय विचारतात, ते आता जवळजवळ ठरून गेले आहे. कॅमेरे आहेत का, डबा घरचा चालेल का, डायपर किती वेळाने बदलता, आजारी मूल आले तर वेगळे ठेवता का, तीन वर्षांनंतर नर्सरीची तयारी करून घेता का. हे सगळे प्रश्न रास्त आहेत. पण पाळणाघरातल्या नऊ-दहा तासांपैकी आपले मूल जमिनीवर मोकळे किती वेळ असते, हे क्वचितच कोणी विचारतो. ते कडेवर किती वेळ असते, पट्टा लावलेल्या खुर्चीत किती, झोळीत किती, वॉकरमध्ये किती, टीव्हीसमोर मांडी घालून किती, हेही कोणी विचारत नाही. माझ्या मते पाळणाघराची पारख करायला याहून मोठा प्रश्न नाही. तो विचारला जात नाही याचे कारण हलगर्जीपणा नव्हे. कारण आहे ती काळजी, आणि म्हणूनच इथे बदल घडवणे इतके अवघड जाते.

संध्याकाळी मुलाला घ्यायला आलेली आई आधी त्याचे कपाळ, कोपरे, गुडघे न्याहाळते. कुठे ओरखडा दिसला की विचारते, "मावशी, हे कशानं झालं?" प्रश्न साधा असतो, पण मावशींच्या कानाला तो आरोपासारखाच लागतो. दुसऱ्या दिवशी आजीचा फोन येतो. अशा दोन-चार संध्याकाळी गेल्या की मावशी एक गोष्ट पक्की शिकतात: मूल हलले नाही तर पडणार नाही, पडले नाही तर बोलणी खावी लागणार नाहीत. मग दिवसभर "चढू नकोस", "पळू नकोस", "पडशील हं" सुरू राहते. आठ मुलांमागे दोन बायका असतील, तर त्यांनी दुसरे काय करावे? मुलांना एका जागी बसवून ठेवणे हीच तिथली सुरक्षितता होऊन बसते. आईवडिलांनाही ती पटते, कारण मूल घरी येते ते स्वच्छ आणि न खरचटलेले.

पण चालायला शिकणारे मूल मुळात किती पडते, हे आपल्याला ठाऊक आहे का? न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ ते १९ महिन्यांच्या मुलांना मोकळे खेळू दिले आणि त्यांची पावले मोजली. चालू लागलेल्या मुलांनी तासाभरात सरासरी २,३६८ पावले टाकली, सुमारे ७०० मीटर अंतर कापले आणि ती १७ वेळा पडली. तासाला सतरा वेळा! हे आकडे धडपड्या मुलांचे नाहीत, सर्वसाधारण मुलांचे आहेत. आणि ही मुले सरळ रेषेत चालत नव्हती. थांबत होती, वळत होती, बसत होती, पुन्हा उठत होती, काहीतरी उचलायला जात होती. बोट धरून हॉलभर फिरवल्याने किंवा सकाळी अर्धा तास 'अ‍ॅक्टिव्हिटी' घेतल्याने हा सराव भरून निघत नाही. ज्या पाळणाघरात दिवसाकाठी एकही मूल पडत नाही, तिथे मुले नीट सांभाळली जात आहेत असा निष्कर्ष काढण्याआधी, ती तिथे चालत तरी आहेत का, हे पाहायला हवे.

याच संशोधनाच्या ओघात आलेली आणखी एक गोष्ट मला पडण्याच्या आकड्यापेक्षाही विचार करायला लावणारी वाटते. कित्येक आठवडे रांगलेल्या बाळाला उतार किती तीव्र आहे, कड कुठे आहे, याचा अंदाज येतो आणि ते काठावर थांबते. पण तेच बाळ चालू लागले की पहिल्या दिवसांत त्याच काठावरून बिनधास्त पुढे पाऊल टाकते. (प्रयोगात त्याला झेलायला माणूस उभा असतो.) रांगताना कमावलेली सावधगिरी चालताना आपसूक उपयोगी पडत नाही. उभ्या शरीराचा तोल, उभ्या डोळ्यांना दिसणारे अंतर, सगळे नव्याने जोखावे लागते आणि ते स्वतः चालूनच जमते. उंचीची भीतीसुद्धा अशीच येते. स्वतः रांगून फिरलेल्या बाळांना कडा जपून वागायचे कळू लागते, त्याच वयाच्या न रांगणाऱ्या बाळांना ते तितके कळत नाही. म्हणजे ज्या सावधपणाची आपण मुलाकडून अपेक्षा करतो, तो त्याला आपल्या ओरडण्यातून मिळत नाही, त्याच्याच हालचालीतून मिळतो. दोन वर्षे जपून बसवून ठेवलेले मूल तिसऱ्या वर्षी जिन्यावर मोकळे सुटते, तेव्हा ते इतर मुलांपेक्षा जास्त असुरक्षित असते. आपण धोका टाळलेला नसतो. तो पुढच्या वयाकडे ढकललेला असतो, आणि त्या वयात जिना अधिक उंच असतो, वेगही अधिक असतो.

इथे "मग शिकवा ना त्यांना लवकर चालायला" असा उलट टोकाचा उत्साह सुरू होतो. शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालले, आपले अजून रांगतेच आहे, ही घालमेल घराघरांत असते. पाळणाघरांवरही तिचा ताण येतो आणि मुलाला दोन्ही हातांनी उभे करून पावले टाकायला लावली जातात. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी करून २००६ साली जे निष्कर्ष मांडले, त्यांत कोणाच्याही आधाराशिवाय चालू लागण्याचा सर्वसाधारण काळ ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. नऊ महिन्यांहून मोठी ही मुदत! आधाराशिवाय बसण्याची ३.८ ते ९.२ महिने. त्या मुलांपैकी चारेक टक्के मुले हातापायांवर कधी रांगलीच नाहीत, तरी चालू लागली. तेव्हा शर्यत लावण्यात अर्थ नाही. दीड वर्ष उलटूनही मूल चालत नसेल, अंग फार ताठ किंवा फार सैल वाटत असेल, एकच हात किंवा एकच बाजू वापरत असेल, आलेली गोष्ट विसरत असेल, तर मात्र 'होईल हळूहळू' म्हणत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. अशी खूण सगळ्यांत आधी पाळणाघरातल्या ताईंच्या नजरेत येऊ शकते, कारण एकाच वयाची चार मुले रोज त्यांच्यासमोर असतात. पण त्यासाठी ती मुले जमिनीवर, हालताना दिसायला हवीत. खुर्चीत बसलेल्या चार मुलांत फरक दिसणार कसा?

बाळाला घाईही करायची नाही आणि अडवायचेही नाही, हे कसे साधायचे याचा सगळ्यांत सखोल प्रयोग, योगायोगाने, एका संस्थेतच झाला. एमी पिक्लर या हंगेरीतल्या बालरोगतज्ज्ञ. त्यांचे वैद्यकीय शिक्षण व्हिएन्नात झाले. तिथे त्यांना दिसले की रस्त्यावर खेळणाऱ्या गरीब वस्तीतल्या मुलांना पडून होणाऱ्या गंभीर दुखापती, सांभाळून वाढवलेल्या सुखवस्तू मुलांपेक्षा कमी होत होत्या. पुढे बुडापेस्टमध्ये डॉक्टरकी करताना त्यांनी आईवडिलांना एकच गोष्ट लावून धरायला सांगितली: मूल ज्या स्थितीत स्वतःहून येऊ शकत नाही, त्या स्थितीत त्याला ठेवू नका. बसता येत नसेल तर उशा लावून बसवू नका, उभे राहता येत नसेल तर उभे धरू नका. पाठीवर निजवा, सपाट टणक जागा द्या, हातपाय मोकळे राहतील असे कपडे घाला. ते कुशीवर वळेल, पालथे पडेल, सरकेल, रांगेल, बसेल. प्रत्येक टप्पा त्याचा त्याने गाठलेला असेल आणि तिथून मागे कसे यायचे, हेही त्याला येत असेल. १९४६ साली, दुसऱ्या महायुद्धानंतर अनाथ झालेल्या बाळांसाठी बुडापेस्टच्या लोत्सी रस्त्यावर त्यांनी बालगृह सुरू केले आणि तिथे हेच तत्त्व पाळले.

आपल्याकडच्या पाळणाघरांना या प्रयोगातून घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. लोत्सीतही सांभाळणाऱ्या बायका पगारी होत्या, पाळीने कामावर येत होत्या, एकेकीकडे बरीच मुले होती. पिक्लर यांनी त्यांचे लक्ष दिवसभरावर पातळ पसरू दिले नाही. लंगोट बदलणे, आंघोळ, भरवणे, कपडे घालणे ही कामे घाईने उरकायची नाहीत. त्या वेळी बाई त्या एका बाळाची. त्याच्याशी बोलायचे, "आता हात वर कर" म्हणून थांबायचे, त्याने हात उचलण्याची वाट पाहायची. असे पोटभर लक्ष मिळालेले बाळ नंतर बराच वेळ स्वतःचे स्वतः खेळते. सारखे कडेवर घ्या म्हणून रडत नाही. आपल्याकडे नेमके उलटे होते. डायपर बदलताना बाईचे हात बाळाशी आणि डोळे दुसऱ्या तिघांवर, भरवताना समोर मोबाइल. आणि मूल खेळत असते तेव्हा मात्र "असं नाही, असं कर" म्हणून मधे मधे हात. हे उलटवायला पैसे लागत नाहीत. सवय बदलावी लागते, आणि ती बदलू देणारा एखादा शांत महिना लागतो.

साधनांचेही तसेच आहे. मुलांना वॉकर आवडतो, बायकांना सोयीचा वाटतो, मूल 'चालते' म्हणून आईवडील खूश होतात. प्रत्यक्षात तो मुलाला वेग देतो आणि तोल देत नाही. बसल्या बसल्या पायाच्या चवड्यांनी ढकलत ते क्षणात जिन्याशी, गरम चहाच्या कपाशी किंवा इस्त्रीच्या वायरीशी पोहोचते. कॅनडाने २००४ साली वॉकरच्या विक्रीवर, आयातीवर आणि जाहिरातीवर बंदी घातली ती अशाच दुखापतींमुळे. आपल्या घरांतला जुना लाकडी पांगुळगाडा याहून पुष्कळ शहाणा होता. त्यात मूल बसत नसे. ते आधी स्वतःच्या बळावर उभे राही, दांडी पकडी, मग गाडा ढकली. गाडा पुढे गेला आणि पाय मागे राहिले की खाली बसे. मुलाची जितकी तयारी, तितकाच त्याचा उपयोग. पाळणाघरात काही विकत आणायचेच असेल तर हा आणावा. नाहीतर एक पक्की बसकी पेटी, दोन कमी उंचीच्या लाकडी पायऱ्या, घट्ट भरलेले लोड, जुनी गादी, सतरंजीखालचा एखादा उंचवटा, एवढ्यावर वर्षभर भागते. मुंबई-कोकणात पावसाचे चार महिने मुलांना अंगणात नेता येत नाही. तेव्हा तर खोलीतच चढ-उतार तयार करण्याशिवाय इलाज नाही.

दोन गोष्टी मला इथे आवर्जून सांगाव्याशा वाटतात, कारण त्या फुकट आहेत आणि तरीही होत नाहीत. एक म्हणजे अनवाणी पाय. आजकालच्या गुळगुळीत फरशीवर मोजे घातलेले मूल हमखास घसरते. उघड्या तळव्याला फरशी कळते, बोटे पकड घेतात. दुसरी मुलींच्या कपड्यांची. रांगणाऱ्या मुलीला घेरदार फ्रॉक घातला की तो गुडघ्याखाली येतो. ती पुढे सरकायला जाते आणि तोंडावर आपटते, मग रांगणेच कमी करते. मुलग्याची चड्डी त्याला अडवत नाही. 'चेहऱ्यावर खूण राहील' ही भीतीही मुलीच्याच बाबतीत आधी बोलून दाखवली जाते. शरीर आवरून वागण्याचे वळण मुलींना इतक्या लवकर लागत असेल, तर ते पाळणाघराच्या दारातच थांबवायला हवे. तिथे येताना प्रत्येक मुलीच्या अंगात लेगिंग किंवा चड्डीच असली पाहिजे, असा सरळ नियम करावा.

हातांबद्दल इतकेच म्हणेन की त्यांना निराळ्या तासाची गरज नाही. चिमटीत मुरमुरा पकडणे, पोळीचा तुकडा मोडणे, भांड्यातून भांड्यात पाणी ओतणे, कणकेचा गोळा दाबणे, स्वतःची चप्पल काढणे, सांडलेले पुसणे यातच ते घडतात. मूल हाताने वरणभात जेवले तर निम्मा खाली सांडतो आणि वेळ तिप्पट लागतो, हे खरे. पण तो वेळ वाया जात नाही, तोच शिकण्याचा वेळ असतो. हातात पेन्सिल देऊन अक्षरे गिरवायला लावण्याआधी ही सगळी वर्षे आहेत. शेंगदाणे, फुटाणे, सुपारीएवढ्या गोट्या मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. श्वासनलिकेत अडकण्याचा धोका खरा आहे.

धोक्यांविषयी मी हलक्याने बोलत नाही. भरलेली बादली, उघडी गॅलरी, ग्रिल नसलेली खिडकी, खाली येणारा गॅसचा पाइप, उघडे प्लग, खिळा निघालेले फर्निचर, हे धोके मुलाला दिसत नाहीत आणि त्यांच्याकडून ते काही शिकूही शकत नाही. ते मोठ्यांनी हटवायचे असतात, आणि तेही मूल येण्याआधी. पण अर्ध्या फुटाची पायरी मुलाला दिसते. तिच्यावर चढताना ते थबकते, पाय चाचपडते, मागे वळून पाहते. तिथे त्याला अडवायचे नाही. जवळ बसायचे, आणि हात पुढे करण्याआधी ते मागते का ते पाहायचे. हा फरक न करता आपण दोन्ही गोष्टींना एकाच आवाजात "नको" म्हणतो. पुढे मुलालाही गॅलरी आणि पायरी सारखीच वाटते.

इथवर मी ज्या मुलांबद्दल बोलले ती फ्लॅटमधली, ज्यांना संरक्षण आहे आणि जमीन नाही. महाराष्ट्रात याच्या नेमकी उलट अवस्था असलेली मुले पुष्कळ आहेत. बांधकामावर आई विटा वाहते तेव्हा तिचे बाळ सळयांच्या ढिगाशेजारी असते. ऊसतोडीच्या हंगामात बीडहून आलेल्या जोडप्याचे बाळ फडाच्या कडेला झोळीत असते, नाहीतर सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. त्यांच्याभोवती मोकळी जागा भरपूर, पण बाळाला खाली सोडण्याजोगी हातभर नाही. कडेवरचे बाळ हलू शकत नाही आणि कडेवर घेणारी बहीण खेळू शकत नाही, शाळेत जाऊ शकत नाही. दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांनी बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी 'मोबाइल क्रेश' सुरू केले, १९७२ मध्ये ते काम मुंबईत आले. बांधकामाच्या जागेवरच एक झाडलेली, राखलेली खोली असावी, इतकी ती मूळ कल्पना साधी होती. पण रांगत्या बाळाला झाडलेली जमीन मिळणे ही साधी गोष्ट नव्हे.

कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीही हेच ओळखले होते. वारली पाड्यांवरच्या मुली शाळेत येत नाहीत कारण त्यांच्या कडेवर भावंडे आहेत, हे पाहून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली. धाकट्याला जमीन मिळाली आणि थोरलीला पाटी. त्याआधी बोर्डीला, मुले बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. महागड्या साधनांवाचून, बिया, शंख-शिंपले, पाने, माती यांवर मुलांचे हात चालवले. आज राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. पण तीन वर्षांखालच्या मुलाशी त्यांचा संबंध मुख्यतः वजन, लस आणि घरी न्यायचा आहार एवढ्यापुरता उरतो. हालचालीचा पाया ज्या वयात घातला जातो, ते वय अंगणवाडीच्या दाराबाहेर राहते. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची केंद्राची 'पालना' योजना म्हणूनच महत्त्वाची आहे. ती वस्तीवस्तीत पोहोचावी यासाठी आपण आवाज उठवायला हवा.

कायद्याने काही गोष्टी दिल्या आहेत. १९९६ च्या बांधकाम मजूर कायद्याने ५० हून अधिक महिला मजूर असतील तिथे मुलांसाठी खोली बंधनकारक केली. २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. पण खोली दिली म्हणजे मुलाला हलायला मिळाले असे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशी पाच वर्षांखालच्या मुलांबाबत अगदी स्पष्ट आहेत: एक वर्षाखालचे मूल दिवसातून अनेकदा जमिनीवर खेळावे, अजून रांगत नसेल तर जागेपणी मिळून किमान अर्धा तास पालथे असावे, सलग तासाहून जास्त कशात बांधून ठेवू नये, एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसात किमान तीन तास हालचाल करावी. पाळणाघराची तपासणी करणाऱ्यांनी हे मोजले पाहिजे. शौचालय आणि अग्निशमन यंत्र तपासतात, तसेच.

आणि हे करायचे कोणी? जिच्या जिवावर सगळे चालते, त्या बाईने. तिला सध्या मिळतो तो पगार एखाद्या घरच्या स्वयंपाकीणबाईंपेक्षा कमी असू शकतो, आणि प्रशिक्षण तर बहुतेकदा काहीच नसते. दर तीन-चार महिन्यांनी बाई बदलत असेल तर कुठल्या मुलाला पायरी जमते, कोणाला अजून भीती वाटते, हे कोणाच्या लक्षात राहणार? मुलाला मोकळे सोडण्यासाठी त्याला ओळखणारे माणूस टिकायला हवे, आणि माणूस टिकण्यासाठी पगार हवा. ज्या आईवडिलांना फी परवडते त्यांनी ती वाढताना हा हिशोब मनात ठेवावा. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी तो सरकारने भरावा. सेरेब्रल पाल्सी किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांना पाळणाघरे सरसकट नाकारतात तेही या मनुष्यबळाच्या तुटवड्यापायी. खरे तर त्यांना जमिनीवरच्या वेळाची गरज इतरांहून अधिक असते, कारण इतर मुलांचा जो टप्पा आठवड्यात पार होतो त्याला त्यांना अनेक महिने लागू शकतात.

प्रवेश घेतानाच आईवडील आणि पाळणाघर यांच्यात एक लेखी बोलणे व्हावे, असे मला वाटते. मूल इथे चढेल, पडेल, खरचटेल. प्रत्येक पडण्याची नोंद वहीत होईल: कुठे, कशावरून, कोण जवळ होते, काय उपचार केला. संध्याकाळी ती वही आईवडिलांना आपणहून दाखवली जाईल. डोक्याला लागले, उलटी झाली, मूल सुस्तावले तर तेव्हाच्या तेव्हा फोन होईल. आणि साधा ओरखडा दिसला तर आईवडील मावशींना कारण विचारतील, जाब विचारणार नाहीत. त्याच वहीत दुसरा रकाना असावा: आज काय नवे जमले. एकाच पायरीवरून सोमवारी पडलेले मूल गुरुवारी ती उतरले, हे दोन्ही एकाच पानावर वाचायला मिळाले तर संध्याकाळच्या त्या प्रश्नाचा सूर बदलतो, आणि मावशींनाही दुसऱ्या दिवशी मुलाला जमिनीवर सोडताना धास्ती वाटत नाही.